पुरुषभर कमी

आमच्या गावच्या नदीवर सध्या तिसरा पूल चालू आहे. मी नोकरीला आहे त्या ऊर्जानगरच्या क्वार्टरात शेजारीपाजारी विचारतात, काय भाऊ, झाला का तुमचा पूल? मी म्हणतो, होऊन राह्यला, आणि विषय बदलतो. बदलतो कसला, उठूनच जातो. लोकांना वाटतं हा माणूस खडूस आहे. आहेच. दुसऱ्या पुलाचं जे वाटोळं झालं त्याची सुरुवात माझ्या तोंडातून झाली, हे काय चहा पिता पिता सांगायची गोष्ट आहे?

पहिला पूल माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. सागवान बाहेर काढायला लाकडाच्या ठेकेदारांनी बांधलेला, काळ्या दगडाचा, बुटका. आम्ही त्याला ठेंगणा पूल म्हणायचो. गावासाठी तो बांधलाच नव्हता. लाकूड जायला हवं होतं, माणसं मागाहून चालायला लागली. आणि लाकूड जायचं उन्हाळ्यात, म्हणून पावसाळ्याचा विचार करायची कोणाला गरज पडली नाही. पुढे मोठं झाड संपलं, ठेकेदार गेले, पूल तेवढा राहिला. दर पावसाळ्यात तो कितीतरी वेळा पाण्याखाली जायचा आणि आम्ही अलीकडेच अडकून पडायचो.

माझा बा ह्या पुलावर मैलकुली होता. जातीनं आम्ही ढिवर, नदी-तलावाच्या मासोळीवर जगणारे. पण बाला सडकेच्या खात्यात काम लागलं. खड्डे बुजवायचे, झुडपं छाटायची, पुलाचे कठडे सांभाळायचे. ह्या कठड्यांची एक गंमत होती. लोखंडी पाईप होते ते, आणि खांबांतून काढता यायचे. मिरग लागायच्या आधी बा ते सगळे काढून शाळेच्या मागे रचून ठेवायचा आणि पोळा झाला की परत बसवायचा. कठडा ठेवला तर पुरातली झाडंझुडपं त्याला अडकतात आणि पाणी मग पुलालाच उचलून नेतं. उघडा पूल पाण्याखाली निमूट पडून राहतो. पाईप निघाले की लहान पोरालाही कळायचं, आता दोन-तीन महिने इथे जरा विचारून जायचं.

विचारायचं कोणाला, तर बाला. पाणी चढायला लागलं की तो प्लास्टिकची खोळ पांघरून पुलाच्या तोंडाशी उभा राहायचा. पाण्याकडे बघायचा, पाण्यातून काय वाहून येतंय ते बघायचा आणि म्हणायचा, "आज नाई." एवढंच. एसटीचा ड्रायव्हर गाडी वळवायचा. फॉरेस्टचा साहेब जीप मागे घ्यायचा. अहेरीच्या बाजाराला निघालेल्या बाया टोपल्या उतरवून परत घरी जायच्या. हुज्जत कोणी घातलेली मला आठवत नाही. बाला जमीन नव्हती, शिक्षण तिसरीपर्यंत, घर कुडाचं. पण नदीच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे शब्द, आणि त्या एका गोष्टीवर तो गावात मान वर करून चालायचा. मी त्याचं नेमकं तेवढंच घालवलं.

नव्या पुलाचं सर्वेक्षण आलं तेव्हा मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो. आरमोरीला राहून शिकलो होतो. तिथल्या वाचनालयात रोज पेपर वाचायची सवय लागली आणि गावात आपल्याला सगळं कळतं असा एक रोग जडला. त्या पेपरात मी एकदा पूररेषेबद्दल वाचलं होतं. नदीकाठच्या गावांना निळी रेषा आणि लाल रेषा मारतात, लाल रेषेच्या आत घर बांधू देत नाहीत, असलेली उठवतात. अर्धंच वाचलं होतं. पण शब्द डोक्यात पक्का बसला.

उन्हाळ्यात एक साहेब जीपमधून आला. तिपाईवरची दुर्बीण, आकडे लिहिलेली लांब पट्टी, आणि शिपायाच्या हातात लाल ऑइलपेंटचा डबा. तो म्हणाला की ह्या नदीची नोंद आमच्याकडे नाही, तेव्हा आजवरचा सगळ्यात मोठा पूर कुठवर आला ते जुन्या माणसांनी दाखवायचं, तिथे खूण करायची. उद्या सकाळी येतो, माणसं गोळा करून ठेवा. त्यानं शब्द वापरला होता पूरपातळी. मी ऐकला पूररेषा. लाल रंगाचा डबा तर डोळ्यांनी बघितलाच होता. झालं! माझ्या दीडशहाण्या डोक्यानं दोन्ही जोडले.

दिवस मावळायला पाटलाच्या ओसरीवर माणसं जमली आणि मी तिथे भाषण ठोकलं. हा माणूस पुलासाठी आलेला नाही म्हणालो. गावाला लाल रेषा मारायला आलाय. जेवढा वरचा पूर दाखवाल तेवढी घरं आत जातील, मग उठवून कुठल्यातरी मुरमाड टेकडीवर नेऊन टाकतील. टेकडीचं नाव सगळ्यांना बरोबर लागलं. खालच्या अंगाचं एक गाव असंच उठवून नेलेलं सगळ्यांना माहीत होतं. तिथे ना तलाव, ना नदी. तिथले ढिवर आता परक्याच्या शेतात मजुरीला जातात. आमचा पाटील म्हणजे बाचा बालमित्र, आवाज मोठा. तो म्हणाला, यात एवढा विचार काय करायचा, कमी दाखवायचं. खरा पूर गावदेवी मातामायच्या ओट्याच्या वरच्या पायरीला लागला होता. बानं तो तरुणपणी स्वतः पाहिलेला, ओट्याला डोंगा बांधलेला. त्याऐवजी घाटावरच्या पिंपळाचं मूळ दाखवायचं ठरलं. दोन्हींत चांगला पुरुषभर उंचीचा फरक.

बा सगळ्यांचं ऐकून घेत बसला होता. शेवटी माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "तो खरंच पुलासाठीच विचारत असन तं?"

"पुलाचं तं नाव आहे, बा. तुले नाई समजत."

हे मी चार लोकांत म्हणालो. नदीतलं बाला समजत नाही, असं. कोणी हसलं नाही, कोणी मला गप्पही केलं नाही. पाटलानं तर पाठ थोपटली, पोट्टा शिकला त्याचा गावाले उपयोग झाला म्हणून. मला तेव्हा किती बरं वाटलं, काय सांगू. आज त्या पाठ थोपटण्याची शिसारी येते.

सकाळी साहेबानं चौघांना वेगवेगळं विचारलं. चौघांनी पिंपळाचं मूळ सांगितलं. मग तो बाला म्हणाला, तुम्ही तर खात्याचीच माणसं, तुम्ही बोट ठेवा. बानं वाकून मुळावर बोट ठेवलं आणि शिपायानं तिथे लाल पट्टा ओढला. जबाब लिहायला साहेबाला स्वच्छ अक्षर हवं होतं. मी पुढे झालो. 'आजवरचा सर्वांत मोठा पूर येथपर्यंत आला असून याहून वर पाणी आल्याचे आमच्या माहितीत नाही.' वाक्यही माझंच. खाली पहिली सही बाची, तिसरीतल्या अक्षरातली, मग बाकीच्यांचे अंगठे. माझी सही घ्यायची गरज साहेबाला वाटली नाही.

पुढच्या वर्षी पूल सुरू झाला. खराखुरा पूल! सिमेंट, सळया, मिक्सर, सगळं आलं. मी चुकलो होतो हे तेव्हाच उघड झालं. गाव काही कोणी उठवत नव्हतं. मग कोणी जाऊन सांगितलं का, की साहेब, खूण खोटी आहे? नाही. खोटं बोललो हे सांगायचं कसं, आणि पूल थांबला तर? सगळ्यांनी मूग गिळले. एकटा बा एक दिवस कामावरच्या सुपरवायझरकडे गेला आणि म्हणाला, पाणी एखादवेळी याच्याहून वर येते जी. तो हसला. काका, तुमच्याच सांगण्यावरून उंची धरली आहे म्हणे, कागद बघा. बानं घरी येऊन हे फक्त मला सांगितलं. मी म्हणालो, आता गप्प बस. तो गप्प बसला.

पूल झाला तो ठेंगण्या पुलाहून बराच उंच. दोन्ही बाजूंना सिमेंटचे पक्के कठडे. हार, नारळ, फोटो, सगळं झालं. ठेंगणा पूल फोडून त्याचा दगड रस्त्याच्या भरावात गेला. पहिली काही वर्षं पावसाळा साधाच गेला, पाणी नव्या पुलाच्या खालून निघून जायचं. बा निवृत्त झाला होता, तरी पाणी चढलं की सवयीनं जाऊन उभा राहायचा. पोट्टे चिडवायचे, भाऊ, आता कायले भिजून राह्यले, हा का तो ठेंगणा आहे? बा पाण्याकडेच बघत राहायचा. त्याला काय माहीत आहे ते त्यांना माहीत नव्हतं. मला होतं, आणि मीही त्याला घरी बस म्हणायचो.

मग तो पावसाळा आला. राखीला पाटलाची मुलगी माहेरी आली होती आणि दोन दिवसांनी जावई तिला न्यायला मोटरसायकलवर निघाला. वर जंगलात तीन दिवस सारखं लागलं होतं. मीही राखीसाठी घरी होतो, छत्री घेऊन पुलाकडे गेलो. पाणी पुलाच्या पाठीला लागलं होतं, वर जेमतेम घोट्याएवढं वाहत होतं. वाहून आलेले ओंडके आणि झुडपं पक्क्या कठड्याला अडकून त्यांचा बांध झाला होता आणि वरच्या अंगाला पाणी फुगत चाललं होतं. बा ह्या टोकाला हात पसरून उभा होता, त्या टोकाला जावयाची गाडी. बा ओरडून म्हणाला, "आज नाई!" जावयाला ऐकू गेलं. तो हसून ओरडला, नवा पूल आहे मामा, आणि गाडी घातली. मधोमध आला तेव्हा अडकलेला ढीग कठड्यासकट फुटला. मी तेवढंच पाहिलं. पुढचं मला दिसलं नाही, किंवा मी बघितलं नाही.

चौथ्या दिवशी तो खाली दोन कोसांवर सापडला. पुलाचे दोन गाळे गेले. गावात घराघरांत पाणी शिरलं, आणि लागलं ते बरोबर मातामायच्या ओट्याच्या वरच्या पायरीला. माणसं तो चिखलाचा डाग बघायची आणि दुसरीकडे तोंड फिरवायची.

महिन्याभरात चौकशी आली. आता दुसरा साहेब, हातात जुनी फाईल. शाळेच्या व्हरांड्यात गाव जमलं. साहेबानं माझं ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, पुरुषभर फरक पडलाच कसा? मला वाटलं, आता निदान चार माणसं उभी राहतील, म्हणतील आम्ही भ्यालो होतो, सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. हट! एकेकानं कानावर हात ठेवले. पाटील उठला. त्याचं दुःख मोठं होतं, पांढरी टोपी हातात चुरगळत होता. त्यानं बाच्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "यानंच दाखवलं जी. म्हणे मी मैलकुली, नदीचं मलेच माहीत. आमी काय बोलाव?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. ज्यांच्या घरांसाठी बानं खोटं बोट ठेवलं होतं, त्यांच्याच माना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या व्हरांड्यात बघितलं, आणि चोर तिथेच भिंतीला टेकून उभा होता. माझ्या नोकरीचं पत्र येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

बा उभा राहिला. पाटलाकडे त्यानं बघितलंही नाही. म्हणाला, हो जी, मीच दाखवलं. साहेबानं विचारलं, आणि हे अक्षर कोणाचं, तुमचं तर दिसत नाही? बा म्हणाला, "आठवत नाई जी. कोनी बाहेरचा पोट्टा होता."

घरी येताना मी त्याला म्हणालो, बा, मी उद्या जाऊन खरं सांगतो. तो म्हणाला, कायले, तुही नवकरी जाईन, माह्यं आता काय राह्यलं. आणि मला हायसं वाटलं. लाज नाही, आधी हायसं वाटलं. लाज आली ती दुसऱ्या दिवशी, बसमध्ये बसल्यावर.

खात्यानं बाला काही केलं नाही, म्हातारा म्हणून सोडून दिलं. गावानं सोडलं नाही. पाटलाच्या घरचं बोलणं कायमचं तुटलं. नदीला पाणी आलं तर लोक मोबाइलवर बघू लागले, बाला विचारणं बंद झालं. त्यानंही घाटावर जाणं सोडलं. जाळं विणायचा, तेही बंद केलं. मायनं मला एकदाच सुनावलं, त्यानं तुह्यासाठी तोंड शिवलं, तू त्याच्यासाठी उघडून तं पाह्य. मी म्हणालो, बघू.

उघडायची पाळी आली ती तीन वर्षांपूर्वी, दिवाळीत. मी बायको-पोरांना घेऊन गावी गेलो होतो. तिसऱ्या पुलाची इंजिनीयर आमच्या घरी आली, तरुण बाई, बोलायला गोड. पुराचा डाग त्यांनी आधीच मोजून घेतला होता, आता कोणाच्या जिभेवर त्यांचं अडत नव्हतं. तिला फक्त अहवालात एक ओळ लिहायची होती, जुना जबाब चुकला का. माझ्या घरी खुर्चीवर बसून, शिकलेला माणूस म्हणून तिनं मलाच विचारलं, कसं झालं असेल हो हे? आवाजात आरोप नव्हता. बा समोर खाटेवर बसला होता, माझी पोरं त्याच्या बाजूला. माझी नोकरी पक्की झाली होती. इतक्या वर्षांनी मला कोणी काही करणार नव्हतं. मी लिहिलं, मी सांगितलं, एवढे चार शब्द बोलायचे होते.

मी म्हणालो, "वडील जुने, शिक्षण नाही. चुकलं असेल त्यांचं."

कोणाला भिऊन म्हणालो? कोणालाच नाही. शुद्ध मराठीत, अगदी सहज तोंडातून निघालं. बाई बाच्याकडे वळली. बानं हात जोडले आणि म्हणाला, हो बाई, चुकलं माह्यं. तिनं ते लिहून घेतलं, चहा घेतला आणि गेली.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. आमच्याकडे बाप पोराला अरे-तुरेच करतो, पोरगा कलेक्टर झाला तरी. बानं भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "घ्या जी. तुमी कमीच खाता."

मला वाटलं दारात कोणी पाहुणा आला, मी मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं. माय ताटावर हात तसाच ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. संध्याकाळी निघताना तो गाडीपर्यंत आला आणि म्हणाला, सांभाळून चालवा, पोहोचले की फोन करा जी. रागानं म्हणाला असता तर मी पाय धरले असते. राग नव्हता. साहेब लोकांशी तो जन्मभर जसा बोलला, तसाच बोलत होता.

तेव्हापासून हे असंच आहे. मायनं सांगून पाहिलं, माझ्या बायकोनं हसत हसत विचारून पाहिलं. मी दर वेळी ठरवून जातो की आज म्हणायचं, बा, मले तू म्हन. त्याच्या समोर बसलो की तोंड उघडत नाही. बाची तब्येत बरी आहे, ऐकू नीट येतं, आवाज खणखणीत आहे. सुनेला तू म्हणतो, नातवंडांना तू म्हणतो, दारातल्या कुत्र्याला तू म्हणतो. मला तुमी.